गठ्ठा क्रमांक दोन

दिवाळीच्या सुट्टीत लेक पुण्याहून आली ती कपड्यांची एक बॅग आणि नोट्सच्या दोन बॅगा घेऊन. स्पर्धा परीक्षेसाठी तिने लोकप्रशासन हा विषय घेतलाय. "बाबा, तुम्ही 34 वर्षं प्रशासनात होता, आता जरा माझ्याही उपयोगी पडा," असं ती म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं, नाकारत नाही. 1988 साली महसूल खात्यात लिपिक म्हणून चिकटलो आणि अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो. मधली वर्षं एका तहसील कार्यालयातून दुसऱ्या तहसील कार्यालयात, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. प्रशासन म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "सध्या कुठलं टेबल?" एवढंच विचारायचे.

तिच्या वह्या चाळताना पहिल्यांदा कळलं की आपण जे करत होतो त्याचं एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्राला जन्मतारीखसुद्धा आहे. 1887. वुड्रो विल्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने त्या साली एक लेख लिहिला, हाच गृहस्थ पुढे त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की राजकारण वेगळं आणि प्रशासन वेगळं. काय करायचं ते राजकारणाने ठरवावं, कसं करायचं ते प्रशासनाने बघावं. मी हसलो. लेकीने विचारलं, हसता काय? तिला म्हटलं, आमच्याकडे संजय गांधी निराधार योजनेच्या समितीची बैठक असायची. अध्यक्ष अशासकीय, म्हणजे पक्षाचे. सदस्य सचिव तहसीलदार. बैठकीच्या दिवशी विल्सनसाहेबांचं राजकारण आणि प्रशासन एकाच प्लेटमधले पोहे खायचं. तिने ते वहीच्या समासात लिहून घेतलं. परीक्षेत लिहू नकोस म्हणजे झालं.

वेबर मात्र मला आवडला. माक्स वेबर, जर्मन माणूस. नोकरशाही म्हणजे उतरंड, लेखी नियम, ठरलेली कामं आणि फाईल. आधुनिक कार्यालय लेखी कागदांवर उभं असतं, हे त्याने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. पहिल्या महायुद्धात हायडेलबर्गमधल्या लष्करी रुग्णालयांचा कारभार तो वर्षभर बघत होता, असं लेकीने सांगितलं. म्हटलं, तरीच. स्वतः टेबलावर बसल्याशिवाय माणसाला फाईल कळत नाही. त्याचं आणखी एक म्हणणं आहे. अधिकाऱ्याने काम करताना राग नको आणि लोभही नको, समोर माणूस कोण आहे हे न बघता नियमाने वागावं. ज्या तालुक्यात अर्जदार हा तुमच्या मेहुण्याच्या गावचा असतो तिथे हे कसं करायचं, असा प्रश्न मला पडला. पण तत्त्व म्हणून खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्या तत्त्वाकडे पुढे परत यावं लागणार आहे.

पुढे गुलिक नावाच्या माणसाचा 1937 सालचा 'पोस्डकॉर्ब' होता, म्हणजे वरिष्ठाने करायच्या सात कामांची आद्याक्षरं जोडून केलेला एक शब्द. ते पान मी उलटलं. मी कधी इतका वरिष्ठ झालो नाही.

हर्बर्ट सायमनने मात्र थांबवलं. या माणसाने 1946 मध्ये असं लिहिलं, की प्रशासनाची तथाकथित तत्त्वं ही म्हणींसारखी असतात. एक म्हण काढली की तिच्या उलटी दुसरी तयारच असते. आपल्याकडे नाही का, 'शुभस्य शीघ्रम्' पण म्हणायचं आणि 'अति घाई संकटात नेई' पण म्हणायचं. फाईल दाबून ठेवणारा दुसरी म्हण सांगतो, रेटणारा पहिली. सायमनची दुसरी गोष्ट तर मला अगदी घरची वाटली. माणूस सगळ्यात चांगला निर्णय शोधत बसत नाही, पुरेसा बरा निर्णय सापडला की तिथेच थांबतो. यासाठी इंग्रजीत त्याने शब्द जोडून घेतलाय आणि लेकीच्या क्लासच्या सरांनी त्याचं भाषांतर काहीतरी भलंमोठं संस्कृत केलंय. मी म्हटलं, अगं, याला आपल्यात 'भागवणे' म्हणतात. भागतंय ना? मग पुढची फाईल घ्या. सायमनला 1978 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या ऑफिसातला प्रत्येक जण रोज भागवत होता.

आणि मग रिग्ज. फ्रेड रिग्ज, 1964. विकसनशील देशांतल्या प्रशासनाचा अभ्यास करणारा. त्याच्या सिद्धांतातल्या कार्यालयाचं नाव आहे 'साला मॉडेल'. लेक म्हणाली, क्लासमध्ये सरांनी फळ्यावर 'साला' लिहिलं की मागच्या बाकांवरून हशा येतो, दर वर्षी, दर बॅचला. स्पॅनिशमध्ये साला म्हणजे खोली, दालन. पण आपल्या कानाला ते ऐकू येतं तसंच ऐकू येणार. पुढे त्याच्या अर्थव्यवहाराच्या मॉडेलचं नाव 'बझार-कॅन्टीन'. म्हणजे जिथे किंमत ठरलेली नसते, कोण मागतोय त्यावर ठरते. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कार्यालयाच्या कंपाउंडमधला चहाचा गाडा आला. तिथे अनेक गोष्टींच्या किमती ठरत. चहा तेवढा एका दरात मिळायचा. रिग्जने एक शब्द दिलाय त्याचा अर्थ असा, की कागदावर जे आहे आणि प्रत्यक्षात जे होतं त्यांतलं अंतर. कायद्यात एक, व्यवहारात दुसरं. मी लेकीला म्हटलं, हे अंतर मी तुला दाखवू शकतो. ते अंतर म्हणजे एक गठ्ठा आहे.

आता हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्या कुठल्याच वहीत नाही.

सरकारी टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात. नव्याने लागलेल्या लिपिकाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यावर तुम्हाला काम करायचंय. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे तुमचं काम झालंय, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघायची. तिसरा नियतकालिकांचा, दर महिन्याला वर पाठवायची विवरणपत्रं. चौथी स्थायी आदेश संचिका, शासन निर्णय वगैरे. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा, त्यात अ म्हणजे कायमचे, ब म्हणजे तीस वर्षांचे, असे वर्ग. आणि सहावा 'ड', वर्षभर सांभाळायचा नि फाडून टाकायचा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला अनिलकुमार लखीना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयाची बैठक, कागदाचा प्रवास, अभिलेख, सगळ्याची नीट घडी बसवली. 'लखीना पॅटर्न' हा शब्द आमच्या पिढीच्या प्रत्येक कारकुनाच्या तोंडी होता, कौतुकाने किंवा शिव्या घालत. मी नोकरीला लागलो तेव्हाही काही ठिकाणी अभिलेख कक्षात लाल फडक्यांत बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल, एकावर एक रचलेले असत आणि त्यांतला एखादा काढायचा तर डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोकं धरायचं. लोक लालफितशाही म्हणतात. आमच्या नाड्या पांढऱ्या होत्या.

जाता जाता शब्दांचं एक. रुमाल, दफ्तर, नायब, अव्वल, कारकून, तहसील. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, पण तहसील कार्यालयाची पाटी अजून फारसीच आहे. मग राज्य झालं, भाषा संचालनालय आलं, 1964 चा राजभाषा अधिनियम आला आणि वरून नस्ती, टिपणी, अभिलेख, प्रतीक्षाधीन हे शब्द उतरले. टेबलावर फारसी, कागदावर संस्कृत. आणि खिडकीतून लोकांशी बोलताना? तिथे 'पेंडिंग'. या तीन भाषांच्या फटीत काय काय पडतं ते पुढे येईल.

तर, प्रत्येक टेबलाला एक कार्यविवरण नोंदवही. आलेला प्रत्येक कागद त्यात चढवायचा. दर सोमवारी त्याचा गोषवारा काढायचा. मागील शिल्लक किती, नवीन आवक किती, निकाली किती, प्रतीक्षाधीन किती, प्रलंबित किती, आणि त्यांतली सात दिवसांवरची किती. साहेबांची नजर थेट शेवटच्या रकान्यावर. त्यात सात दिवस का, तर कायदा आहे. 2005 चा, लोक त्याला बदल्यांचा कायदा म्हणतात किंवा दफ्तर दिरंगाईचा. कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहता कामा नये, तातडीची चार दिवसांत, अगदी तातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. चांगला कायदा आहे. मी हे उपरोधाने म्हणत नाही. त्याच्याआधी फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडली हे विचारायची सोयच नव्हती.

पण सात दिवसांचं घड्याळ चालतं ते पहिल्या गठ्ठ्यात. दुसऱ्या गठ्ठ्यात गेलेला कागद तुमच्याकडे प्रलंबित नसतो. तो दुसऱ्याकडे असतो. तलाठ्याकडे, भूमी अभिलेखकडे, ग्रामपंचायतीकडे, अर्जदाराकडे. पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात कागद न्यायला फक्त एक पत्र लागतं. चार ओळींचं. त्याला त्रुटीपत्र म्हणतात.

2012 साली मी संगायोला होतो. संजय गांधी योजना म्हणजे संगायो, आमच्यात कुणी पूर्ण नाव घेत नाही. निराधार, विधवा, अपंग यांना महिन्याला 600 रुपये मिळायचे. (2019 ला 1,000 झाले, 2023 ला 1,500.) कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत पाहिजे, तसा दाखला पाहिजे, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. अर्ज महिन्याला चाळीस-पन्नास यायचे. मी एकटा. शिवाय निवडणुकीच्या याद्या, टंचाईचे टँकर, शिधापत्रिकांची मोहीम, ही कामं टेबल न बघता वाटली जातात.

त्या महिन्याच्या शेवटी वरून दप्तर तपासणी लागली. माझ्या गोषवाऱ्यात सात दिवसांवरची 19 प्रकरणं दिसत होती. आदल्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी 19 अर्ज पुढ्यात घेतले आणि एकेकात त्रुटी शोधायला बसलो. शोधली की सापडतेच. कुठे झेरॉक्स साक्षांकित नाही, कुठे दाखल्याची मुदत चार दिवसांनी संपलेली. एका अर्जात शिधापत्रिकेवर नवऱ्याचं नाव 'बाबू' होतं आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'बाबुराव'. मी लिहिलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या कागदपत्रांमध्ये नावात तफावत दिसून येते. तरी याबाबतचे शपथपत्र या कार्यालयास सादर करावे, जेणेकरून पुढील कार्यवाही करणे सोयीचे होईल.' बाबू म्हणजेच बाबुराव हे मला कळत होतं. त्या गावच्या तलाठ्याला फोन केला असता तर त्याने दोन ओळींचा अहवाल दिला असता. पण फोन केला असता तर तो अर्ज त्या संध्याकाळी पहिल्या गठ्ठ्यातच राहिला असता.

संध्याकाळी सहाला 19 चे 2 झाले होते. प्रतीक्षाधीन 17 ने वाढले होते, पण त्या रकान्याकडे कोण बघतो. दुसऱ्या दिवशी तपासणीत शेरा मिळाला, 'कार्यविवरण अद्ययावत.' साहेबांनी चहा सांगितला.

सतरापैकी बहुतेकांची पूर्तता आली. गावात कुणी ना कुणी कार्यकर्ता असतो, तो कागद करून आणून देतो. एकाची आली नाही.

आमच्या तालुक्याचा बाजार मंगळवारी भरायचा. बाबूची बायको मंगळवारी वडापने, म्हणजे शेअर जीपने, शेवग्याच्या शेंगा घेऊन यायची. दुपारी शेंगा संपल्या, की रिकामी पाटी डोक्यावर तशीच ठेवून कार्यालयात. मला हे नंतर कळलं. ती माझ्या टेबलापर्यंत कधी येत नव्हती. दारात शिपाई असायचा, भला माणूस, कुणाला हाकलणारा नव्हे. तो आत येऊन माझी कार्यविवरण नोंदवही बघायचा आणि बाहेर जाऊन तिला सांगायचा, "आजी, तुमचं काय पेंडिंग न्हाई."

खरं सांगत होता. नव्हतंच पेंडिंग.

पेंडिंग नाही म्हणजे झालं, असा अर्थ तिने घेतला. कुणीही घेतला असता. तिथून ती बँकेत जायची आणि पासबुक पुढे करायची. बँकेतला माणूस म्हणायचा, जमा नाही. पुढच्या महिन्यात परत शिपाई, परत पेंडिंग नाही, परत बँक. दोन्ही दारांत तिला नियमाप्रमाणे खरं उत्तर मिळत होतं.

सात महिन्यांनी एका मंगळवारी शिपाई रजेवर होता म्हणून ती आत आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊसाहेब, पेंडिंग न्हाई म्हंत्यात, मग पैसं कुठं गेलं माझं?" आवाजात भांडण नव्हतं. एखादी वस्तू कुठे ठेवली हे घरात विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, बसा. नाव विचारलं, गाव विचारलं. दुसऱ्या गठ्ठ्याची नाडी सोडली. वरून अकरावा की बारावा अर्ज. त्याला टाचलेली माझ्या पत्राची कार्यालयीन प्रत, जावक क्रमांक, माझी आद्याक्षरं.

"आजी, पत्र आलं नाही का?"

"आलं आसंल बी. आपल्याला कुटं वाचाया येतंय."

शपथपत्र त्याच दिवशी करून घेतलं. बाहेरच्या अर्जनविसाने लिहिलं, तिने अंगठा दिला. पंचवीस मिनिटं लागली. शाईचा अंगठा तिने पाटीच्या कापडाला पुसला. पुढच्या बैठकीत प्रकरण मंजूर झालं. मंजुरीपासून पैसे सुरू, मागचं काही नाही. मधल्या बैठका मोजल्या तर आठ महिने वाया गेले होते. सहाशे गुणिले आठ, 4,800. वडापचं भाडं वेगळं.

हे सगळं मी लेकीला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "तुम्ही तिला सांगितलंत, की तुमच्यामुळे उशीर झाला म्हणून?"

"नाही."

"मग काय सांगितलंत?"

"कागद अपुरे होते, असं सांगितलं."

तेही खरंच होतं. वेबरला दाखवावं असं ते पत्र होतं. लेखी, नियमाला धरून, जावक क्रमांकासह. बाईवर माझा राग नव्हता, तिच्याकडून मला एक पैसा नको होता. ना राग ना लोभ. कौटिल्याने सरकारी पैसे खाण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवलेत आणि पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते जसं कळत नाही तसं कर्मचारी पैसे कधी खातो ते कळत नाही, असंही म्हटलंय. पण मी पाणी प्यायलोच नव्हतो. लाचलुचपतवाल्यांनी सापळा लावला असता तर रिकाम्या हाताने परत गेले असते.

मग लेकीने बॅगेतून दुसरी वही काढली. मायकेल लिप्स्की, 1980. त्याचा विषय वरचे अधिकारी नाहीतच. शिक्षक, पोलीस, मदत वाटणारे कारकून, म्हणजे जे प्रत्यक्ष माणसासमोर बसतात ते. त्यांच्याकडे काम अफाट, साधनं तुटपुंजी, आणि निर्णयाची मोकळीक मात्र बरीच. मग दिवस निभावायला ते आपापल्या युक्त्या काढतात. लोकांना रांगेत ठेवतात, हेलपाटे घालायला लावतात, कागद मागतात, म्हणजे मागणी आपोआप कमी होते. आणि लिप्स्की म्हणतो, या युक्त्या म्हणजेच प्रत्यक्षातलं धोरण. शासन निर्णयात काय छापलंय ते राहू दे, खिडकीवर जे घडतं ते सरकार.

वाचून मी वही मिटली. आवडला नाही असं नाही. फारच नेमका होता, आणि त्याचाच त्रास झाला. माझी जेवणानंतरची ती दुपार, 19 अर्ज, सगळं त्याने अमेरिकेत बसून समजावून सांगितलं होतं. परिस्थितीच अशी असते की कारकून असं करणार. एखाद्याने तुम्हाला इतकं समजून घेतलं की अर्धी माफी त्यातच येते, आणि ती माफी देणारा तो कोण? शेंगा विकणारी बाई थोडीच आहे.

शिवाय यात नवं किती? जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात हेच आहे. गोरा साहेब वर आरामात, आणि खाली शेतकऱ्याचं जे काय व्हायचं ते कुलकर्ण्याच्या नि कारकुनाच्या लेखणीच्या टोकावर. फरक इतकाच, की फुल्यांनी कारकुनाला समजून वगैरे घेतलं नाही, फटके दिले. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापुरात कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले ते याच जाचापायी. लेकीला म्हटलं, उत्तरात लिप्स्की लिही, पण फुले पण लिही. ती म्हणाली, सिलॅबसमध्ये भारतीय विचारवंत वेगळ्या प्रकरणात आहेत. म्हणजे इथेही गठ्ठे आहेतच.

माझ्या संगायोच्या दिवसांपासून बरंच बदललंय, हे कबूल करायला पाहिजे. 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आला. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलं, उशीर झाला तर पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग, आणि चुकलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. 2017 च्या सुमारास पुणे विभागात 'झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल'ची मोहीम झाली तेव्हा मी स्वतः तीन दिवस शर्टाच्या बाह्या सारून जुने कागद वर्गवार लावलेत. 'ड' वर्गाचे कागद टेम्पोने गेले. मोकळं झालेलं कपाट बघून खरोखर हलकं वाटलं होतं. आता अर्ज पोर्टलवर होतात, मोबाईलवर मेसेज येतो. पण परवा शेजारच्या पोराचा दाखल्याचा अर्ज बघत होतो, त्याच्या स्क्रीनवर आलं होतं, त्रुटीपूर्ततेसाठी परत. त्रुटी काय, तर 'कागदपत्र अस्पष्ट'. मी झूम करून बघितलं. स्वच्छ दिसत होतं. पलीकडे कोण बसलंय, त्याचा गोषवारा कुठल्या वारी असतो, हे मला स्क्रीनवरून कळेना, पण महिन्याची तारीख 30 होती.

संगायोचं ते टेबल मी 2014 ला सोडलं. तीन वर्षं झाली की टेबल बदलतं. कार्यभार देताना यादी करायची असते. नोंदवह्या इतक्या, शिक्के इतके, कपाटाच्या किल्ल्या दोन, प्रलंबित प्रकरणं इतकी, प्रतीक्षाधीन इतकी. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. मी ते टेबल घेतलं तेव्हा आधीच्या भाऊसाहेबांचा गठ्ठा न सोडता सही केली होती. पद्धतच तशी. गठ्ठा सोडायला लावणं म्हणजे देणाऱ्यावर संशय घेतल्यासारखं होतं.

माझ्या जागी आली ती अनुकंपावर लागलेली मुलगी. वडील आमच्याच खात्यात होते, नोकरीत असतानाच वारले, आणि प्रतीक्षासूचीवर तिची सहा वर्षं गेली होती. यादीत मी लिहिलं होतं: प्रलंबित, सात दिवसांवरील, निरंक. प्रतीक्षाधीन, 61. सहीसाठी पेन पुढे केलं. ती म्हणाली, "सर, मोजून घेऊ का?"

मला ते लागलं. पण नाही कसं म्हणणार. तिने नाडी सोडली आणि एकेक प्रकरण उघडून बघायला लागली. नुसतं मोजलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. ती प्रत्येकात वाचत होती, वाट कुणाच्या उत्तराची बघायची आहे ते. त्या दिवशी झालं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. 61 च निघाली, आकडा बरोबर होता. पण त्यांतल्या चार प्रकरणांत उत्तर आलेलं होतं. तलाठ्याचा अहवाल, शपथपत्र, जे मागितलं ते. आवक शिक्का मारून, अर्जाला टाचून, कुणीतरी परत त्याच गठ्ठ्यात बांधलेलं. कुणीतरी म्हणजे मीच, दुसरं कोण असणार. सगळ्यात जुन्या शिक्क्याची तारीख तिने वाचून दाखवली. पावणेदोन वर्षांपूर्वीची होती.

ती काही बोलली नाही. यादीत 61 खोडून 57 केलं, आणि वरच्या ओळीत 'निरंक' खोडून 4 लिहिलं. खोडलेल्या दोन्ही ठिकाणी माझी आद्याक्षरं घेतली, नियमाप्रमाणे. मग सही केली.

पुढच्या सोमवारी मी पुरवठा शाखेच्या टेबलावर होतो, मधे नुसतं लाकडी पार्टिशन. साहेबांच्या केबिनमधून आवाज येत होता. ते तिला विचारत होते, की आल्या आल्या सात दिवसांवरची चार कशी काय, आधीच्या भाऊसाहेबांच्या वेळी तर हा रकाना कायम कोरा असायचा.